चिंधीबायने खरवडलेला देव

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकतो. कर्जतात कुणालाही विचारा, सहदेव फिटर म्हटलं की माणूस आधी कपाळाला आठ्या घालेल आणि मग घर दाखवेल. आयुष्यात मी माफी मागितली ती दोनदाच. एकदा सासऱ्यांची, तीही बायकोने, जयवंताने, डोळे वटारले म्हणून. आणि एकदा चिंधीबायची, मनापासून. ही दुसरी माफी कशाबद्दल होती ते सांगायला बसलोय. मधे कुणी प्रश्न विचारू नका, माझी लिंक तुटते.

गोष्ट चव्वेचाळीस सालची, लढाई चालू होती तेव्हाची. खालापूर तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी एका गिरणीचं खासगी वीजघर होतं. आता ते नाही. मालक गेले, यंत्रं गेली, नळ भंगारात गेला. पण तेव्हा वर डोंगरात धरण आणि तिथून खाली वीजघरापर्यंत एकच पोलादी नळ होता, माणूस आत रांगत जाईल एवढा रुंद. लोकांना वाटतं, नळातलं पाणी म्हणजे ओढ्याचं पाणी. अहो, ओढ्याला काठ असतात, पाण्याला पसरायला जागा असते. नळातलं पाणी कोंडलेलं असतं. सातशे-आठशे फुटांचा भार डोक्यावर घेऊन ते चारी बाजूंनी पत्र्याला रेटत असतं, आणि जेवढं खाली जावं तेवढा रेटा जास्त. म्हणून वर पत्रा पातळ ठेवतात आणि खाली जाड. नळ डोंगरउतारावर ठरावीक अंतराने दगडी चौथऱ्यांवर टेकवलेला होता. नवव्या चौथऱ्यापाशी पत्रा अर्धा इंच होता, म्हणजे आमच्या भाषेत चार सूत.

त्या नवव्या चौथऱ्याच्या बरोबर खाली, हाक मारली तर ओ येईल एवढ्या अंतरावर, आमची चाळ होती. बारा खोल्या. सातव्या खोलीत माझी जयवंता आठ दिवसांची बाळंतीण होती.

आठ दिवसांची म्हणजे काय, ते आमच्या घरात आलात तरच कळलं असतं. आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती. एक जन्मायच्या आत गेलं, दुसरं पाचवीच्या आधी. हे तिसरं, मुलगी, मुठीएवढी, पण आवाज असा की वीजघराचा भोंगा लाजेल. मी तिला पाहायला खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. जवळ गेलो तर माझीच नजर लागेल अशी धास्ती. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

आणि ही मुलगी आम्हाला नळोबाने दिली, अशी माझी पक्की समजूत होती.

नळोबा म्हणजे नवव्या चौथऱ्यापाशी नळालाच फासलेला शेंदूर. कुणी सुरू केला, केव्हा केला, मला ठाऊक नव्हतं. मी कळंबचा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरीला आलो तेव्हा शेंदराचा थर चांगला तळहाताएवढा जाड झालेला होता. कामावर चढणारा प्रत्येक जण तिथे हात जोडायचा, मीही जोडायला लागलो. पहिलं मूल गेलं तेव्हा मी नवस केला. दर शनिवारी चौथऱ्यावर नारळ फोडायचा, पाणी देवाच्या अंगावर घालायचं, वर तेल-शेंदूर लावायचा. फुलं घसरून पडत, पाणी वाहून जाई, ते मला बघवेना. शेवटी फिटरच तो! दीड हात लांब पत्र्याची पट्टी वाकवून मी शेंदराच्या खालच्या अंगाला नळाच्या लांबीला धरून बसवली, तारेने आवळली, कडेला सिमेंट भरलं. छानपैकी फळी झाली. देवाच्या पायाशी फुलं राहू लागली, पाणीही साचून राहू लागलं. आबाजी मिस्त्री, आमचा वरचा माणूस, कुणाचं कौतुक करणारा नव्हे, पण तोसुद्धा म्हणाला, "सहदेवा, काम देखणं केलंस रं." मी सहा महिने छाती पुढे काढून फिरत होतो.

दरवर्षी चैत्रात चार दिवस नळ रिकामा करायचे. ठाकूरवाडीच्या बाया यायच्या, लोखंडी पट्ट्यांनी आणि तारेच्या ब्रशांनी गंज खरवडायच्या. मग आम्ही फिटर हातोडीने एकेक पत्रा वाजवत जायचो. धडधाकट पत्रा ठणठण बोलतो, झिजलेला बद्द बोलतो. मग डांबर, की झालं. फक्त एक पत्रा आम्ही कधी वाजवला नाही. देवाच्या अंगावर हातोडी कोण मारणार? ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. नववा चौथरा आला की हात जोडायचे आणि दहाव्याकडे निघायचं. तीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या बायांमध्ये चिंधी. पंचेचाळिशीची असेल, काळीसावळी, शिडशिडीत, गळ्यात मण्यांच्या पंधरा माळा आणि दातांना कायम मिश्री. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईने मुद्दाम हिचं नाव चिंधी ठेवलं, की टाकाऊ वस्तू समजून मरण पुढे जावं. साहेब असो, शिपाई असो, सगळ्यांना अरे-तुरे. बाजारात ही बाई कुंभाराची सगळी मडकी बोटाच्या पेराने वाजवून एक घ्यायची. कुंभार हात जोडायचा, "बाई, फुकट ने, पन आता ऊठ." तीच खोड ती नळावर घेऊन आली. खरवडून झालं की पेराने टकटक करायची आणि कान लावायची. आदल्या दोन वर्षांत माझ्या हातोडीला न सापडलेले दोन पातळ पत्रे तिने दाखवले होते. मी काय म्हणालो असेन? "आंधळ्याच्या हाती लागलं," म्हणालो. असा मी!

त्या साली मंगळवारी दुपारी बाया नवव्या चौथऱ्याशी आल्या. गुरुवारी बाराला पाणी सोडायचं ठरलं होतं. लढाईमुळे गिरणीला एक तास जास्त थांबायची सवड नव्हती. मी वरच्या अंगाला व्हॉल्व्ह बघत होतो, तेवढ्यात बायांचा गलका ऐकू आला. खाली येऊन पाहतो तर चिंधी पट्टी घेऊन नळोबासमोर उभी, आणि बाकीच्या चार पावलं मागे.

"काय गं, काय चाललंय?"

"खरवडते."

"काय खरवडतेस?"

"ह्यो." तिने पट्टी शेंदराकडे रोखली.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "चिंधे, डोकं फिरलं का तुझं? देव आहे तो!"

"त्याला घाम येतो, फिटर."

ते खरं होतं. पौषापासून नळोबा ओलसर दिसायचा, शनिवार असो नसो. जयवंताला दिवस राहिलेले, आणि इकडे देवाला घाम. आम्ही सगळे धन्य झालो होतो. देव आमच्यासाठी राबतोय, असं मीच चाळभर सांगत सुटलो होतो. तेच मी चिंधीला ऐकवलं, आणखी चार शिव्या घालून.

ती शांतपणे म्हणाली, "आख्खा नळ कोरडा ठाक. यालाच यकट्याला घाम? पानी भरलेलं होतं तवर घाम. सोमवारी नळ रिकामा केला, आज बघ, घाम गेला. मंग घाम कुनाचा, देवाचा का पान्याचा?"

आता हे एखाद्या शहाण्या माणसाने ऐकलं असतं तर तिथेच चमकला असता. मी शहाणा नव्हतो, मी बाप होतो, आठ दिवसांचा. माझ्या डोक्यात एकच: ही बाई देवाचं अंग खरवडणार आणि तो राग कुणावर निघणार? सातव्या खोलीवर. मी तिच्या हातातली पट्टी हिसकावली आणि दरीत भिरकावून दिली. पट्टी दगडांवर आपटत, खणखणत खाली गेली. चिंधीने माझ्याकडे बघितलंही नाही. उतरायला लागली. करवंदीच्या जाळ्यांतून पार खाली गेली, पट्टी शोधली, आणि धापा टाकत तेवढा डोंगर परत चढून आली. कोपरं ओरबाडलेली, कपाळावर घाम. पुन्हा येऊन तिथेच उभी.

"झाला राग? आता हो बाजूला. तुजं प्वार खाली निजलंय रं, फिटर. आन तू हितं भांडतोस?"

गलका ऐकून आबाजी मिस्त्री आला. देव नको म्हणतोय की हो म्हणतोय हे कळल्याशिवाय तो बापजन्मी कुणाला हात लावू देणार नव्हता. त्याने मधली वाट काढली. "कौल लावा. देवालाच इचारा."

माझी हरकत नव्हती. मला खात्री होती. शेंदरावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक तांदळाचा दाणा चिकटवायचा, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. चिंधीने पदराच्या गाठीतून तांदूळ काढले, पाण्याचं बोट लावून चिकटवले. गाऱ्हाणंबिऱ्हाणं काही नाही, नुसती म्हणाली, "खरवडू का?" वाऱ्याची एक झुळूक आली आणि डावा दाणा टपकन चौथऱ्यावर पडला.

"बघ!" मी ओरडलो. "बघ, नाही म्हणाला! आता चालायला लाग."

चिंधी हसली. खळखळून हसली, मिश्रीचे दात दाखवत. "नायच म्हननार तो. जिता व्हता तवा बी पयला नायच म्हनायचा. जत्रंला जाऊ? नाय. नवं लुगडं घेऊ? नाय. मंग सांच्याला गपचूप घिऊन यायचा."

"कोण जिता होता?"

"ह्यो. माजा बा. कमळ्या."

मग तिनेच सांगितलं, जसं काही बाजारातला भाव सांगतेय. नळ घालत होते तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. दोर लावून नळाचे तुकडे डोंगरावरून खाली सोडत. इथे दोर तुटला. कमळ्या खाली होता. ठेकेदाराने काम थांबवलं नाही, माणूसही वाडीवर नेऊ दिला नाही. तिथेच चौथऱ्याच्या बाजूला माती दिली. त्याच्या जोडीदारांनी दुसऱ्या दिवशी नळावर शेंदराचं एक बोट ओढलं, नुसती खूण म्हणून. पुढे ते जोडीदार गेले, नवे आले. एका बोटाचं तळहातभर झालं आणि कमळ्याचा नळोबा झाला.

"मला ठाऊक हाय ह्यो कोन हाय ते," चिंधी म्हणाली. "तुमी याला देव केलात, बरं केलंत. पन मेलेल्या मानसाला घाम येत नाय रं."

आणि तिने पट्टी लावली. या वेळी मी अडवलं नाही. एकेक घाव घालताना ती पुटपुटत होती, "थांब बा, थांब, जाला, जाला," जसं लहान पोराचं डोकं धुताना म्हणतात. शेंदराच्या ढलप्या पडत गेल्या. मधला पत्रा खाली निळसर, चकचकीत निघाला. तेल-शेंदराने उलट त्याला राखलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मग ती खालच्या अंगाला, माझ्या फळीकडे वळली. तार कापली, पट्टी उचकटली, सिमेंटचा तुकडा गळून पडला. त्याच्यामागून काळा, ओला, पोपड्या धरलेला गंज निघाला, नारळाच्या पाण्याचा आंबूस वास आला. तिने तो पोखरला. पोखरतच राहिली. पट्टीचा कोपरा आत जात होता.

नळाच्या लांबीला धरून दीड हात लांब खाच होती. बरोबर माझ्या फळीएवढी, एक बोटभरही कमीजास्त नाही. तिने पेराने वाजवलं. बद्द. खाचेच्या मध्यावर सुईच्या अग्राएवढं भोक होतं, नळोबाचा घाम तिथून येत होता. मी मापाची पट्टी घातली. चार सुतांच्या पत्र्यात एक सूतही शिल्लक नव्हतं.

मी चौथऱ्यावरच बसलो. आधी पाणी तिथून वाहूनच जात होतं हो, वाहतं पाणी वाळतं. ते अडवून धरलं मी, पत्र्याशी, माझ्या देखण्या कामाने, दर शनिवारी ताजं. खालून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

इंजिनियर साहेब तासाभरात आले. शांत माणूस. खाच पाहून त्यांनी टोपी काढली. मला वाटलं ओरडतील, त्यांनी समजावून सांगितलं, ते अजून लक्षात आहे. म्हणाले, तेवढीच खोल, पण रुपयाएवढी गोल खोक असती तर आजूबाजूच्या जाड पत्र्याने भार वाटून घेतला असता, कदाचित काही वर्षं निभावलंही असतं. नळाला आडवी, पट्ट्यासारखी असती तरी इतकं भय नव्हतं. पण ही उभी, लांबीला धरून. पाण्याचा रेटा नळाला फुगवायला बघतो, आणि फुगलेली वस्तू उभीच फाटते. "बांबू कसा चिरतो? तसा," म्हणाले. गुरुवारी पाणी सोडल्यावर नळ कदाचित टिकला असता. कदाचित नसता. मग ते खाली चाळीकडे बघत राहिले.

गिरणीला दोन दिवस जास्त थांबावं लागलं. वर तारा गेल्या, आरडाओरडा झाला, साहेबांनी तो अंगावर घेतला. कुजका भाग पुरता कापून काढला, नवा पत्रा घातला, चारी बाजूंनी रिवेटांच्या दुहेरी ओळी मारल्या. एकेक रिवेट मी स्वतः वाजवून पाहिला. कापलेल्या तुकड्यावर साहेबांच्या सांगण्यावरून आबाजीने एक घण घातला. तुकडा खाचेवर दुमडून चिरला, एका घावात. आबाजीने घण खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी आपले कान धरले.

शनिवारी बाराला हळूहळू पाणी सोडलं. मी नवीन पत्र्यावर तळहात टेकवून उभा होतो. पाणी चढताना पत्रा गार होत जातो, आतून बारीक थरथर येते. शेजारी बघतो तर चिंधीचाही हात पत्र्यावर. ती त्या दिवशी कामावर नव्हती, नुसती आली होती. रेटा पुरता भरला तेव्हा तिने पेराने टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाली, "नाय घाबरायचं."

साहेबांनी तिला विचारलं, बाई, तुला काय हवं? तिने चिरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. त्याच्या वरच्या अंगाला अजून थोडा शेंदूर होता.

"ह्यो दे. बाला घरी नेते."

तो तुकडा चांगला अर्धा मण भरला असता. ती उचलायला वाकली, तेवढ्यात मी पुढे झालो आणि चुंबळ करून तो माझ्या डोक्यावर घेतला. ठाकूरवाडी वर, खडी चढण. अर्ध्या वाटेवर मान मोडायला आली तेव्हा मी म्हणालो, "चिंधीबाय, चुकलो मी. पट्टी फेकली, नाही नाही ते बोललो. तुझे उपकार..."

"चुकलास तर चुकलास. डोईवरचं सांबाळ, पडंल."

वाडीच्या वरच्या अंगाला हेद्याच्या झाडाखाली आम्ही तो पत्रा उभा केला. वाडीतली म्हातारी माणसं आली, काहींना कमळ्या आठवत होता. चिंधी झाडाला टेकून बसली आणि तेव्हा रडली, बत्तीस वर्षांचं. मला काय करावं सुचेना, मी आपला पत्र्याला तेल चोळत बसलो.

नळाच्या धांदलीत बारसं दोन दिवस लांबलं, त्याला तिला मी स्वतः बोलवायला गेलो. जयवंताने पोर सरळ तिच्या मांडीवर दिली. आमच्या मनात अजून भीती होतीच, म्हणून नाव काहीतरी दगड-धोंडा ठेवायचं चाललं होतं. चिंधीबायने ऐकलं आणि उसळली, "चांगलं नाव ठेव गं. माज्यावानी चिंधी-फिंधी नको." म्हणून सुंदरा.

पुढच्या चैत्रात मी नारळ घेऊन वाडीवर गेलो. पत्र्यापुढे नारळ फोडला आणि सवयीने पाणी वर घालणार, तोच झोपडीतून आवाज आला, "ए फिटर! बाच्या अंगावर पानी घालू नको! गंजंल!" तिथून जे हसलो आम्ही दोघं, काय सांगू.

पुढे सत्तावीस वर्षं मी दर चैत्रात जात राहिलो, ती असेपर्यंत. ती नळावर खरवडायला यायची थांबली तरी मडकी वाजवायची थांबली नाही. गेली तीही धडधाकट, दुपारी जेवून झाडाखाली निजली ती उठलीच नाही. तिला वाडीने त्याच हेद्याखाली माती दिली, बापाशेजारी. मी एवढा रडलो की जयवंताला काळजी वाटली.

आता माझे गुडघे बोलतात, म्हणून सुंदरा हात धरून नेते. तिचीच मुलं आता लग्नाला आलीत. नारळ मी लांब दगडावर फोडतो. पत्रा कोरड्या फडक्याने पुसतो, तेलाचं बोट फिरवतो, आणि मग पेराने टकटक करून कान लावतो. गेल्या वर्षी सुंदरा म्हणाली, "बाबा, आता यात पाणी नाही, काही नाही. वाजवता कशाला?"

"गप गं," मी म्हणालो. "तुझ्या कमळ्या आजोबांना विचारतोय, बरे आहेत का."